कुणाच्या पुण्याईनं

"रत्ना, ओवाळायचं ताट कर आन् चल बिगीनं. आमच्या सासूबाई वेशीवर येऊन बसल्यात. म्हणत्यात, सरपंचबाईनं ओवाळल्याबिगर गावात पाय ठेवायची न्हाई."

कमलाक्का दारात उभी होती. धावत आल्यामुळे तिला दम लागला होता आणि दम लागूनही हसू आवरत नव्हतं. मला मात्र हसण्याचं काही सुचत नव्हतं. सकाळपासून माझं डोकं तापलं होतं आणि ते ज्यांच्यामुळे तापलं होतं, ते कमलाक्काचेच यजमान, आमचे उपसरपंच दिनकरआबा शिंगटे.

"आबाही आलेत का?" मी विचारलं.

"आल्यात की! पाची जण हायत. पोपटरावांनी काळा चष्मा घातलाय, वळखूच येईनात. तू चल बाई. म्हातारीच्या मनात आलं तर बसून राहील तिथंच."

ही गोष्ट मी करंजओढ्याची सरपंच होते तेव्हाची. आता तिला बरीच वर्षं झाली. सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं तेव्हा गावातल्या पुढाऱ्यांनी विचार केला, पिसाळांची सून शिकलेली आहे, गरीब स्वभावाची आहे, बोट ठेवू तिथे सही करील. त्यातलं शिकलेली तेवढं खरं होतं. सदस्य बाकी सगळे आबांच्या शब्दाबाहेर नव्हते, त्यामुळे मी मोठमोठ्या बाता मारल्या नाहीत. पहिल्या ग्रामसभेत मी एकच शब्द दिला. पावसाळ्याच्या आत अंगणवाडीवर पत्रे चढतील.

अंगणवाडीचे पत्रे आदल्या वर्षीच्या वावटळीत उडाले होते. तेव्हापासून पोरं वेशीवरच्या मारुतीच्या देवळात बसत. लग्नसराईत नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला आला की बाई पोरांना उठवून पारावर नेत, आणि वरात गेली की पुन्हा आणून बसवत. पोरांना त्याची गंमत वाटायची. मला लाज वाटायची.

पत्र्यांसाठी पैसे बाजूला काढले, ठराव झाला, चेकवर माझी आणि ग्रामसेवकांची सही झाली, आणि मी निर्धास्तपणे भावाच्या लग्नाला माहेरी गेले. परत आले त्या सकाळी बघते, तर अंगणवाडीच्या भिंती तशाच उघड्या. ग्रामसेवकांना आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. ते मला बघून कचेरीच्या मागच्या दारानं निघाले होते. मी त्यांना दारातच गाठलं.

"भाऊसाहेब, पत्रे कुठे आहेत?"

"येतील मॅडम."

"आणि पैसे?"

भाऊसाहेबांनी रुमाल काढला, कपाळ पुसलं, मान पुसली. "ते अभ्यास दौऱ्याला गेलेत."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कोकणात एक आदर्श गाव आहे, तिथे कचऱ्याची व्यवस्था फार चांगली आहे. तिचा अभ्यास करायला आबा आणि चार सदस्य पत्र्यांच्या चेकचे पैसे उचलून, जीप करून गेले होते. आता वाटेत कोल्हापूरची अंबाबाई लागते, जोतिबा लागतो. थोडं पुढे गेलं की गणपतीपुळं लागतं. गाडीत एक जागा रिकामी होती म्हणून आबांनी आपल्या आईलाही बरोबर घेतलं होतं.

"हा ठराव कधी झाला?"

"झाला नाही अजून. आबा म्हणाले, आल्यावर कार्योत्तर मंजुरी घेऊ. तुमची सही लागेल."

कार्योत्तर मंजुरी म्हणजे पैसे आधी खर्च करायचे आणि ते करायला परवानगी मागाहून घ्यायची. या कामासाठी इतका सोज्वळ शब्द दुसऱ्या कुणाला सुचला नसता.

"आणि मी सही नाही केली तर?"

भाऊसाहेब माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, "मॅडम, ते अविश्वास आणतील. मग तुम्ही पण जाल आणि पत्रे पण."

माणूस भित्रा होता, पण बोलला ते खोटं नव्हतं. दुपारभर मी घरात येरझाऱ्या घालत होते. सही केली तर दिलेला शब्द जातो आणि नाही केली तर शब्द पाळायची सोय जाते. अशात कमलाक्का ताटाचा निरोप घेऊन आली.

आमच्या गावाची एक रीत आहे. तीर्थाला गेलेलं माणूस परतलं की थेट घरात शिरत नाही. ते वेशीवर मारुतीपाशी थांबतं. सुवासिनी येऊन त्याचे पाय धुते, हळदकुंकू लावते, ओवाळते आणि विचारते, "कुणाच्या पुण्याईनं जाऊन आलात?" ज्यानं यात्रेचा खर्च केला त्याचं नाव यात्रेकरूनं मोठ्यानं घ्यायचं. कारण पाय यात्रेकरूचे झिजले, तरी पुण्याचा मोठा वाटा खर्च करणाऱ्याचा, असं आमच्याकडे मानतात. नाव घेतलं की हलगी वाजते, सगळं गाव पाया पडतं आणि यात्रेकरू वाजतगाजत वेशीच्या आत येतो. पुढे सवडीनं मावंदं घालायचं, म्हणजे गावजेवण.

मी ताट घेऊन पोचले तेव्हा वेशीवर निम्मं गाव जमलं होतं. देवळाच्या पायरीवर हौसाआत्या बसल्या होत्या. आबांची आई, पण गावातल्या आम्ही सगळ्या सुना त्यांना आत्याच म्हणायचो. बाई अंगानं एवढीशी, पण आवाज शिवारापलीकडे जाणारा. अंगावर नवं हिरवं लुगडं होतं आणि शेजारी कोल्ड्रिंकच्या बाटलीत समुद्राचं पाणी भरून ठेवलं होतं. काशीहून गंगा आणतात तसा त्यांनी गणपतीपुळ्याहून समुद्र आणला होता. तो हात लावून बघायला बायकांची झुंबड उडाली होती.

"आगं, केवढा म्हणून सांगू?" हौसाआत्या सांगत होत्या. "ह्या टोकापासनं त्या टोकापातुर पानीच पानी! आन् सारखं आपल्याकडं पळत येतंय. मी म्हणलं, ये बाबा, ये, मी काय भीत न्हाई."

आबा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत बाजूला उभे होते. मला बघताच ते पुढे आले आणि हळूच म्हणाले, "बरं झालं वैनी आलात. म्हातारीची हौस हाय, तेवढी करा. आन् कार्योत्तरचा ठराव तयार हाय, उद्या सही करून टाका. पत्रं काय, पुढल्या निधीत करू."

"पुढचा निधी येईपर्यंत पोरं कुठे बसतील?"

"बसत्यात की मारुतीरायाच्या मांडीवर! त्याच्यापरास चांगली जागा कुठली?" आबा हसले. मग आणखी आवाज उतरवून म्हणाले, "ताणू नका, वैनी. मी तुमच्या भल्याचं सांगतोय. खुर्ची हाय तवर सगळं हाय."

आबा माणूस वाईट नव्हते. कुणाच्या घरी मयत झालं की सगळ्यांत आधी हजर, कुणाची पोरगी बाळंतपणात अडली की मध्यरात्री स्वतःची गाडी काढणारे. फक्त गावचा पैसा आणि आपला पैसा यांच्यामधला बांध त्यांना दिसत नसे. दिसला तरी तो ओलांडायला सोपा आहे असं वाटे.

मी खाली बसले. हौसाआत्यांचे पाय धुतले, पुसले, हळदकुंकू लावलं. निरांजन लावून ओवाळलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "आत्या, कुणाच्या पुण्याईनं जाऊन आलात?"

गाव ऐकायला थांबलं. हलगीवाल्यानं काडी उचलून धरली.

हौसाआत्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला आडाणी बाईला काय ठावं? गावची कारभारीण तू. तूच सांग."

सगळे हसले. मला वाटलं, म्हातारी मोठी हुशार. लेकाचं नाव स्वतः घेण्यापेक्षा सरपंचाच्या तोंडून वदवलं तर त्याचा मान दुप्पट होणार. आबांनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांनी टोपी नीट केली आणि मान ताठ केली.

मला फक्त "दिनकरआबांच्या" एवढंच म्हणायचं होतं. नुसता एक शब्द. पुण्याईच्या बोलण्यावर कुठे पंचायतीचा शिक्का बसतो? म्हणून टाकावं आणि पत्र्यांचं उद्या बघावं, असं मनात आलं. खोटं का सांगू, शब्द ओठांवर आला होता. पण हे नाव आज माझ्या तोंडून गावासमोर बाहेर पडलं, की उद्या सही करायला मी मोकळीच झाले, हेही मला कळत होतं.

"आत्या," मी म्हणाले, "गावाच्या पुण्याईनं. अंगणवाडीच्या पत्र्यांच्या पैशानं."

हलगीवाल्याची काडी वरच राहिली.

"काय म्हणलीस?" हौसाआत्यांनी कानामागे हात धरला. "ह्या कानानं कमी ऐकू येतंय. मोठ्यांदी बोल."

मला दुसऱ्यांदा, आणि तेही ओरडून, सांगावं लागलं. आता ते देवळामागच्या गोठ्यापर्यंत ऐकू गेलं असणार.

"दिनकर, खरं हाय व्हय रं?"

"आये, त्यो अभ्यास दौरा हुता," आबा म्हणाले.

"कशाचा अभ्यास?"

"कचऱ्याचा."

"मग कचरा कुठं बघितलास? मी तर सारखी तुझ्या संगं हुते."

पोपटराव आबांच्या मदतीला धावले. "आवो आत्या, त्या आदर्श गावात आपण च्या न्हाई का प्यालो? गावच्या पाटीपाशी फोटू बी काढला की."

"आन् च्याचा कागदी कप कुठं टाकलास?"

"त्यो... टाकला तिथंच."

गाव असं हसलं की पारावरचे कावळे उडाले. हौसाआत्या मात्र हसल्या नाहीत. त्यांनी कुंकू लावलेले पाय लुगड्यात ओढून घेतले आणि पायरीवर मांडी घातली.

"मग ह्ये पुण्य माझं न्हाई. बारक्या पोरांचं हाय. पोरांचं छप्पर काढून मी देव बघून आले आन् आता वाजवत घरात जाऊ? न्हाई जायची."

"आये, असं काय करतीस लोकांत? चल घरी, मग बोलू."

"घरी कशी येऊ? वेस वलांडायची सोय ठिवलीस का तू? आन् एका गाडीतली मान्सं एकदमच वेशीत येत्यात, ही रीत हाय. तवा तुमीबी बसा. पोपट, बस रं."

पोपटराव बसले. त्यांच्यामागोमाग बाकीचे बसले. शेवटी आबाही धोतराचा सोगा सावरत मारुतीसमोर टेकले. जीपचा ड्रायव्हर घाबरून म्हणाला, "आज्जी, मी जाऊ का? मी भाड्यानं आलोय."

"तू जा बाबा. तुझं भाडं गावानं दिलंय, तू बिनघोर जा."

जीप गेली. ऊन उतरायला लागलं, पण वेशीवरून कुणी हलेना. इतकी करमणूक गावात बऱ्याच दिवसांत झाली नव्हती. दौऱ्यावर गेलेल्यांच्या बायका एकेक करून आल्या आणि नवऱ्यांना घरी चला म्हणायचं सोडून हौसाआत्यांच्या बाजूला बसल्या. त्यांना कुणी समुद्र बघायला नेलं नव्हतं, त्याचा राग होताच.

"चष्मा काढा आता," पोपटरावांची बायको म्हणाली, "दिस मावळायला आला."

कमलाक्कानं चहा करून आणला. हौसाआत्यांना दिला, मला दिला, इतर बायकांना दिला.

"मला?" आबांनी विचारलं.

"तुमास्नी कशाला? तुमचा अभ्यास चाललाय."

आबांनी आईची समजूत घालून बघितली, रागावून बघितलं, देवाची शपथ घालून बघितली. शेवटी काकुळतीला येऊन म्हणाले, "आये, येवढा पैसा मी आत्ताच्या आत्ता कुठनं आणू?"

"उसाचं बिल आलंय की!" कमलाक्का म्हणाली, आणि तीही चांगली मोठ्यानं.

"ते ट्रॅक्टरसाठी ठिवलंय."

"ट्रॅक्टर काय, पुढल्या बिलात करू."

तिनं आमचं मघाचं बोलणं ऐकलं होतं की नाही, देव जाणे. आबांनी माझ्याकडे बघितलं, मी ताटातल्या निरांजनाची वात सारखी केली. बाकीचे चौघे मात्र चुळबुळायला लागले. आम्ही फक्त गाडीत बसलो, नेलं ते आबांनी, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"व्हय का?" हौसाआत्या म्हणाल्या. "मग दर्याच्या काठाला भेळीच्या दोन-दोन प्लेटी काय आबानं खाल्ल्या?"

कमलाक्का घरी गेली आणि पदराखाली पैसे घेऊन आली. बाकीच्यांनीही आपापल्या घरी माणसं पिटाळली. भाऊसाहेबांना बोलावणं गेलं. ते पावतीपुस्तक काखेत मारून आले आणि देवळाच्या पायरीवर बसून, आयुष्यात पहिल्यांदाच हात न थरथरता, एकेकाच्या नावानं पावत्या फाडू लागले. प्रत्येकाचं नाव ते मोठ्यानं वाचत होते. तसं वाचा, असं त्यांना कुणीही सांगितलेलं नव्हतं.

सगळ्यांच्या पावत्या झाल्यावर हौसाआत्यांनी कमरेची पिशवी सोडली. "आता माझ्या जागंचं घ्या."

"आये!" आबा उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला होता. "तुझं तू भरनार? मी काय मेलोय का? भाऊसाहेब, आईचं माझ्या नावावर फाडा."

आत्यांनी पिशवीचा बंद पुन्हा बांधला. "फाड म्हणतोय तर फाडा," त्या म्हणाल्या आणि पाय माझ्यापुढे केले. "चल गं पोरी. आता इचार मला."

मी विझत आलेलं निरांजन सारखं केलं, पुन्हा ओवाळलं. "आत्या, कुणाच्या पुण्याईनं जाऊन आलात?"

"माझ्या ल्योकाच्या!" हौसाआत्या अशा ओरडल्या की शेजारच्या वाडीला ऐकू जावं. "माझ्या दिनकरच्या पुण्याईनं!"

हलगी कडाडली. आबांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि वाकून आईच्या पायांवर डोकं ठेवलं. मलाही रडू आलं. ज्याच्या रागानं जीव जळला होता त्याच माणसासाठी आपण रडतोय, याचं त्या वेळी नवल वाटलं नाही. मग सगळं गाव पाया पडलं आणि समुद्राची बाटली डोक्यावर घेऊन हौसाआत्या वेशीच्या आत आल्या.

अविश्वासाचा ठराव काही आला नाही. वेशीवर पावत्या फाडून घेतलेल्या माणसांना तो मांडायला तोंड उरलं नव्हतं. आबा माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलले नाहीत, पण पत्रे उतरवून घ्यायला ट्रकपाशी स्वतः उभे राहिले आणि एक पत्रा पोचे आलेला निघाला म्हणून दुकानदाराशी कचाकचा भांडले. पावसाच्या आत छप्पर झालं. हौसाआत्यांनी हट्टानं मावंदं अंगणवाडीतच घातलं. समुद्राच्या बाटलीची पूजा झाली, पोरांची पहिली पंगत उठली, मग बायकांची बसली. मी खीर वाढत वाढत हौसाआत्यांपाशी आले आणि इतके दिवस मनात घोळत असलेलं विचारलं.

"आत्या, खरं सांगा. पैसे गावचे होते हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"नसाया काय झालं? दुसऱ्याच दिशी कळलं. लॉजवर दिनकर म्हणला, बिल ग्रामपंचायतीच्या नावानं फाडा. मी काय भैरी हाय?"

"अहो, तुम्हीच म्हणालात की, कमी ऐकू येतं म्हणून!"

"ते गावाला ऐकू जावं म्हून."

"मग तिथंच का नाही बोललात?"

"वा गं वा!" त्यांनी घास हातात धरून माझ्याकडे डोळे वटारले. "आन् दर्या बघायचा राहिला आसता की माझा!"

अख्खी पंगत हसली. मीही पोटभर हसले, आणि हसता हसता सहज म्हणून गेले, "आणि आत्या, समजा मी त्या दिवशी आबांचंच नाव घेतलं असतं तर?"

"मग काय? ओवाळून घेतलं आसतं आन् गेले आसते घरला."

"काहीच बोलला नसतात?"

"ल्योक हाय माझा त्यो," हौसाआत्या शांतपणे म्हणाल्या. "कारभारीण तू हुतीस. तूच गप बसलीस, तर मी आईनं कशापायी त्याला उघडा पाडायचा?"

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. त्या दिवसापासून मी भेटेल त्याला सांगत सुटले होते, की हौसाआत्या होत्या म्हणून पत्रे आले, नाहीतर माझं काय चाललं असतं? आबांचं नाव अगदी ओठांवर आलं होतं, हे मात्र मी कुणालाच सांगितलं नव्हतं. डोक्यावर नवे कोरे पत्रे होते आणि ते किती बारक्या धाग्याला लटकले होते, ते मला तेव्हा कळलं.

"आगं, बघत काय बसलीस?" हौसाआत्यांनी ताट पुढे केलं. "खीर वाढतीस, का त्यालाबी ठराव लागतोय?"